दाराजवळचं स्टूल

लहानपणी आम्हाला गावातल्या एका रस्त्यानं जायची मनाई होती. डोणगाव म्हणजे मेहकर तालुक्यातलं, मेहकरहून मालेगावकडं जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचं गाव. रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. त्याच्या एका फाट्यावर हिरव्या पडद्याचं एक दार होतं आणि वर पाटी, 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. आत जाणारी माणसं आधी इकडंतिकडं बघायची. बाहेर येताना उपरण्यानं तोंड पुसत, भिंतीच्या कडेकडेनं निघायची. आत बसायला काही नाही, उभ्यानं प्यायचं आणि निघायचं, असं मोठी पोरं सांगत. आमच्या घरी तुळशीची माळ. बाबा एवढंच म्हणायचे, "त्या अंगानं जायचं नाही."

शेजारचे काका मात्र त्या अंगानं रोज जायचे. ते शिंपी होते, हाताला मोठं कसब होतं. गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगावर त्यांनी शिवलेला शाळेचा शर्ट असायचा. संध्याकाळी मशीन झाकून निघाले की परत येताना कुणाच्या तरी खांद्यावर असत. 1991 च्या पावसाळ्यात ते गेले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. काकूंनी मशीन विकायला काढलं तेव्हा त्याच्या खणात एका कागदाच्या पुडीत पाच पांढरी बटणं निघाली. पुडीवर माझं नाव होतं. माझा अर्धा शिवलेला शर्ट तसाच राहिला होता, त्याची ती बटणं. काकूंनी पुडी माझ्या हातात दिली. अजून आहे माझ्याकडं.

हे सगळं मनात घेऊन वाढलेला मी, यंदाच्या मार्चात, पंचेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानाची पायरी चढलो. तीही पणजीला.

नेणारा माझा दापोलीचा मित्र. कृषी विद्यापीठात चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, आता नोकरीनिमित्त पणजीत. दारूचा विषय निघाला की आमचं हमखास वाजायचं. "तुझ्या डोळ्यांसमोर तो हिरवा पडदाच आहे," तो म्हणायचा. "एकदा आमच्या वाड्यावरचं तावेर्न, म्हणजे दारूचं छोटं दुकान, बघ, बस तिथं तासभर, आणि मग काय ते बोल." वीस वर्षं त्यानं बोलावलं, वीस वर्षं मी टाळलं. यंदा हरभरा लवकर निघाला, तूरही विकून झाली होती. मेहकरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठलं आणि दुसऱ्या रात्री पणजीची गाडी धरली. आंबोलीचा घाट उतरताना पहाटे खिडकीतून एक आंबूसगोड वास आत आला. पिकलेल्या काजूच्या बोंडांचा. पुढचे तीन दिवस तो वास सोबत होता.

पणजी 1843 मध्ये गोव्याची राजधानी झाली. आल्तिनोची टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं फोंताइन्यास, जिथं मित्र मला घेऊन गेला, त्याच्या आधीचं. 'फोंत' म्हणजे झरा. टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे, त्यावरून हे नाव पडलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियु जुवांव द सेकेरा यानं इथं नारळाची बाग लावली. लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणत. पुढं बागेच्या जागी घरं झाली. बोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या सज्जांतून हात लांबवला तर मीठ-मिरची देताघेता यावी. घरं निळी, पिवळी, गेरूच्या रंगाची, आणि दारंखिडक्यांच्या कडा पांढऱ्या. सान सेबास्तियांवच्या छोट्या कपेलात एक मोठा क्रूस आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तिथून वर बघितलं की टेकडीच्या कुशीत मळ्याच्या मारुतीचं देऊळ. मुख्य रस्त्याचं नाव 31 जानेवारी. ती तारीख पोर्तुगालच्या इतिहासातली. 1891 मध्ये त्या दिवशी पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला होता. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, तरी रस्त्यावर ती तारीख राहिली.

आता हा सगळा भाग फॅशनचा झाला आहे. आम्ही संध्याकाळी पाचला पोचलो तर एका पिवळ्या भिंतीसमोर रांग लागली होती, फोटोसाठी. एक नवरी घेरदार झगा दोन्ही हातांनी धरून दुसऱ्याच कुणाच्या उंबऱ्यावर उभी होती आणि आतून त्या घरातली म्हातारी बाहेर पडायला वाट मागत होती. दाराशी पाट्या: फोटो काढू नयेत, हे राहतं घर आहे. पूर्वी जिथं किराणा होता तिथं कॉफीची दुकानं, जिथं सुतार बसायचा तिथं हाताने रंगवलेल्या टाइल्सचं दालन. वस्ती देखणी आहे, लोकांनी यावं, बघावं, यात काही वावगं नाही. पण त्या म्हातारीला स्वतःच्या दारातून बाहेर पडायला दोनदा 'जरा वाट द्या' म्हणावं लागलं, ते मला सलत राहिलं.

मित्रानं आधी साव तोमेच्या बोळातला जोसेफ बार दाखवला. पणजीच्या जुन्या बारांपैकी एक, आता नव्या पिढीच्या हातात. आत मोजकीच टेबलं, त्यामुळं गर्दी रस्त्यावर सांडलेली. फेणीत कोकम, मिरची आणि सोडा घालून केलेलं 'तांबडें रोझा' इथं फार चालतं. तांबडा गुलाब, नाव गोड आहे. मुंबई-बंगळूरची तरुण मंडळी हातात पेले घेऊन पदपथावर उभी होती, हसत होती. मुलीही होत्या आणि त्यांच्याकडं कुणी वळून बघत नव्हतं. मी ते दृश्य बराच वेळ बघत राहिलो. जुनी जागा बंद पडण्यापेक्षा अशी भरलेली केव्हाही बरी, हे माझं प्रामाणिक मत आहे.

"आता मी बसतो तिथं," मित्र म्हणाला.

तिथून चार-पाच मिनिटांवर, दोन वळणं घेऊन आम्ही एका जुन्या घराच्या तळमजल्याशी आलो. या जागेचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढं येईल. दोन पायऱ्या, लाकडी अर्धी दारं, त्यांच्या वरून आतलं सगळं दिसतं आणि आतल्याला बाहेरचं. पडदा नाही. मी पहिल्या पायरीवर थबकलो. छातीत धडधडत होतं, जणू बाबा कुठून तरी बघताहेत.

आत तीन बाकं, एक लाकडी गल्ला. गल्ल्याची कड हातांनी इतकी झिजलेली की मधोमध खोलगट झाली होती. मागं वेताच्या जाळीत बसवलेले दोन मोठे काचेचे फुगीर बुधले, त्यांना इथं गराफांव म्हणतात. भिंतीवर कोनाड्यात सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती, तिच्यापुढं लाल बारीक बल्ब. टोल्यांचं घड्याळ. फळीवर बरण्यांत उकडलेली अंडी, भाजलेले चणे, आणि झाकणाखाली तळलेला बांगडा. या सगळ्यांहून माझं लक्ष गेलं ते एका लाकडी पट्टीकडं. तिच्यावर खिळे होते आणि खिळ्यांना किल्ल्या लटकत होत्या. दहा-बारा तरी असतील, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.

गल्ल्यामागं सत्तरी ओलांडलेला मालक. सगळे त्याला पात्रांव म्हणत होते. गोव्यात धन्याला असंच म्हणतात. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "खंयचे तुमी?"

"बुलढाण्याकडचा," मी म्हणालो. "डोणगाव."

"लोणार तुमच्याकडंच ना?" तो चटकन मराठीत शिरला. "माझा धाकटा भाऊ बघून आला. उल्केनं पडलेला खड्डा. बसा. कितें जाय?"

मी सांगितलं, मी पीत नाही, आमच्याकडं माळ आहे. आता तो हसेल, किंवा आग्रह करील, किंवा मित्राकडं बघून डोळा घालील, असं वाटलं. आमच्याकडं लग्नात, हुरड्याला, शेतात कुठंही 'पीत नाही' म्हटलं की हे तीन प्रकार होतातच. पात्रांवनं यातलं काहीच केलं नाही. एक लिंबू कापलं, सोडा फोडला, मीठ टाकलं आणि पेला माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "बसायला पिणं कशाला लागतं?"

त्या वाक्यानं मी मोकळा झालो.

बसून बघू लागलो. मित्रानं हुर्राक मागवली. मार्च ते मे हा तिचा हंगाम. काजूच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे हुर्राक, हलकी. ती फार टिकत नाही, म्हणून लोक हंगामाची वाट बघतात. तिच्यात लिंबाचा सोडा आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. बाकीचे फेणी घेत होते. पात्रांव बुधल्यातून नळीनं लहान बाटलीत फेणी घेई, बाटली एकदा झटकून उजेडात धरी आणि तिच्या गळ्याशी जमलेले बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघे. मग पेल्यात ओती. 'फेणी' हे नावच फेसावरून आलं. मापासाठी एक पितळी माप होतं, त्याला टेंगूळ आलेलं, पण काठोकाठ भरलं की नाही ते तो वाकून, डोळ्यांच्या पातळीला आणून बघायचा. प्रत्येक वेळी. सोनार ताजव्याकडं बघतो तसं.

साडेसहाच्या सुमाराला एक बाई आली. ऑफिसातून आलेली दिसत होती, खांद्याला पर्स. ती आत आली, पट्टीवरची निळ्या दोऱ्याची किल्ली काढली, "आवय जेवली?", आई जेवली का, असं काहीसं विचारलं, पात्रांवनं मान हलवली, ती गेली. मग एक शाळकरी पोरगा आला, त्यानं गल्ल्याखालचं पार्सल उचललं. मित्रानं सांगितलं, घराघरांतली माणसं दिवसभर बाहेर असतात, मुलं परदेशात, घरी एखादी म्हातारी. कुरिअरवाला, गॅसवाला, नळवाला, सगळे आधी इथं येतात. किल्ल्या इथं, निरोप इथं. कोण आजारी, कुणाकडं कोण आलंय, ते पहिल्यांदा इथं कळतं.

आमच्या गावात हे काम मारुतीपुढचा पार करायचा. त्या पारावर दारू नव्हती, तरी जागा तीच होती. माणसाला रोज कुणीतरी बघायचं.

सव्वासातला घड्याळाखालच्या बाकावरची मंडळी न सांगता सरकली. दाराजवळ एक तीन पायांचं जुनं स्टूल होतं, इतका वेळ रिकामं. गर्दी असूनही त्यावर कुणी बसलं नव्हतं. एक आजोबा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. स्टुलावर बसले. पात्रांवनं न विचारता पाव माप फेणी आणि वेगळ्या पेल्यात पाणी ठेवलं. आजोबांनी खिशातून रुमाल काढला, मांडीवर पसरला, एक घोट घेतला आणि रस्त्याकडं बघत बसले. येणारा-जाणारा हात करायचा, तेही करायचे. वीस मिनिटांत पेला संपला. पैसे मोजून ठेवले, "देव बरें करूं" म्हणाले आणि गेले. बायको गेल्यापासून आठ वर्षं हा नेम आहे, असं मित्र म्हणाला. एखाद दिवशी साडेसातपर्यंत आले नाहीत तर पात्रांव गल्ला दुसऱ्याच्या हाती देऊन त्यांच्या दारावर थाप मारून येतो.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती यानंतरची. पस्तिशीतला एक माणूस कोपऱ्यात बसला होता. त्याचे दोन झाले होते. त्यानं पेला पुढं केला. पात्रांवनं मापाला हात लावला नाही. "पुरो आतां," तो हळू म्हणाला. "घरा वच. फाल्यां यो." पुरे आता, घरी जा, उद्या ये. माणूस काही बोलला, थोडा आवाज चढला. बाकावरच्या एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नाव घेऊन काहीतरी सांगितलं, बहुतेक त्याच्या मुलीच्या परीक्षेचं. माणूस क्षणभर बसून राहिला, मग उठला. पात्रांवनं एक बांगडा पानात गुंडाळून त्याच्या हातात दिला. घरी न्यायला. पैसे वहीत मांडले.

मला काका आठवले. त्या हिरव्या पडद्यामागं त्यांना कधी कुणी 'पुरे' म्हटलं असेल का? तिथं कुणी कुणाकडं बघतच नव्हतं. बघू नये म्हणून तर पडदा होता. गावानं तोंड फिरवलं, आम्हीही रस्ता बदलला, आणि काका एकटे पीत गेले.

मी बाहेर येऊन पायरीवर थोडा वेळ बसलो.

दुसऱ्या दिवशी मित्रानं सत्तरीत त्याच्या गावी नेलं. तिथली माणसं घरात मराठी-कोंकणी मिसळून बोलतात, त्यामुळं मला परकं वाटलं नाही. काजू आपल्याकडं आणला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात, ब्राझीलहून. 'काजू' हा शब्दही त्यांच्या 'काजु'वरून आलेला, आणि त्यांनी तो तिथल्या तुपी लोकांकडून घेतलेला. फेणीसाठी बोंड झाडावरून तोडत नाहीत, ते पिकून आपोआप पडावं लागतं. पहाटे बायका-पोरं टोकाला खिळा बसवलेली काठी घेऊन बोंडं वेचतात, बी पिळून वेगळी काढतात. मग कातळात खोदलेल्या कोळमीत बोंडं टाकून पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीनं आवळून वर दगड ठेवतात आणि त्यातून रात्रभर थेंबथेंब रस गळतो. तो नीरो. ताजा नीरो गोड असतो, त्यात दारू नसते. तो मी प्यालो. जिभेला किंचित आवळ, घशाला थंड. आंबोलीच्या घाटात आलेला वास तोच होता.

तुडवलेला रस तीन-चार दिवस आंबवतात आणि मग भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, चुलीवर चढवतात. वाफ नळीनं दुसऱ्या मडक्यात उतरते, त्या मडक्यावर सतत गार पाणी ओतायचं. पहिली धार हुर्राक. ती पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून गाळली की फेणी. भट्टीवाल्या काकांनी एक गोष्ट अभिमानानं सांगितली. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याला मिळालेलं ते पहिलं. 2016 मध्ये सरकारनं तिला वारशाचा दर्जा दिला. तरीही ती गोव्याबाहेर रीतसर जाणं अवघड, कारण कायद्याच्या कागदावर ती देशी दारूच. "आमच्या आज्यानं इंग्रजाचाही अबकारी बघितला," ते म्हणाले. ते खरं आहे. 1878 च्या करारानं पोर्तुगीजांनी गोव्यात ब्रिटिश धर्तीची अबकारी लागू केली आणि 1892 पर्यंत तो करार राहिला. त्यांच्या आज्याच्या नाही तरी पणज्याच्या काळात नक्की. भट्टीच्या धुरात उभा राहून मी विचार करत होतो, एक झाड, एक हंगाम, एक चूल आणि सबंध कुटुंबाची मेहनत. आमच्या गावातल्या बाटलीतली दारू कशाची, कुठं केलेली, ते तिथं पिणाऱ्या एकालाही सांगता येत नाही.

यावरून गोवा चांगला आणि आपण वाईट असा अर्थ कुणी काढू नये. परतताना मित्रानंच गाडी थांबवून सांगितलं की त्याचा सख्खा मामा फेणीनं गेला. गोव्यातही घरं बुडाली आहेत, बायकांनी मार खाल्ला आहे. आणि आपल्याकडच्या बायकांनी जे केलं ते थोर आहे. वर्धा गांधीजींचा जिल्हा म्हणून दारूबंदीत. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर 1993 मध्ये बंदी आली आणि टिकली. चंद्रपुरात 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. गावोगाव मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आमच्या काकू अशा एका मतदानात दिवसभर दारोदार फिरल्या होत्या. मी त्यांच्या बाजूचा आहे, आजही.

पण दुकान बंद करणं ही अर्धीच गोष्ट, आणि उरलेल्या अर्ध्याकडं आपण बघतच नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं आपल्याला 'परमिट रूम' हा शब्द दिला. एक दिवसाच्या परवान्याला विदेशी दारूसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन, वय पंचवीस हवं. नियम कागदावर नीट आहे. प्रत्यक्षात काळ्या काचा, अंधार, टेबलाभोवती फळ्यांचे आडोसे. कुणी ओळखीचं दिसू नये अशी सगळी रचना. आमच्या गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि जुन्या रस्त्यावरची वर्दळ पुष्कळ तिकडं वळली. संध्याकाळी गावातली पोरं मोटारसायकलवर शेतरस्त्यानं निघतात, बांधावर बसतात, पितात आणि बाटल्या सोयाबीनमध्ये फेकतात. मागच्या जूनमध्ये पेरणीआधी मी माझ्या एका धुऱ्यावरून सतरा बाटल्या वेचल्या. त्या पिणाऱ्या पोरांपैकी दोघं माझ्या वर्गमित्राची आहेत. त्यांना बसायला गावात जागाच नाही. पार पाडून तिथं सिमेंटचा ओटा झाला, ओट्यावर कमान झाली, कमानीला कुलूप लागलं. वाचनालय सहाला बंद होतं.

डोणगावला तावेर्न हवं असं मी म्हणत नाही. पण संध्याकाळी सात ते दहा उघडी राहील अशी एक उजेडाची जागा हवी, चहाची का असेना, आणि तिच्या गल्ल्यावर प्रत्येकाला नावानं ओळखणारा एक माणूस हवा. वाचनालयाची किल्ली मला द्या, असा अर्ज मी परत आल्यावर ग्रामपंचायतीत दिला आहे.

तिसऱ्या संध्याकाळी निघण्याआधी मी एकटाच पुन्हा त्या तावेर्नात गेलो. पात्रांवनं न विचारता लिंबाचा सोडा ठेवला. बोलता बोलता मी सांगितलं की मी कधीमधी लिहितो, या जागेबद्दल लिहायचं मनात आहे. त्याचा हात मापावर थांबला.

"लिहा," तो म्हणाला. "पण नाव लिहू नका. पत्ता नको."

कारण त्यानं थोडक्यात सांगितलं. बोळाच्या तोंडाशी असंच एक तावेर्न होतं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तो खूप चालला. महिन्याभरात रोज शे-दीडशे माणसं. मालकाला आनंद झाला, त्यानं आणखी टेबलं टाकली, भाव वाढवला. जुनी माणसं दाराशी येऊन, जागा नाही बघून परत जाऊ लागली आणि मग यायचीच थांबली. वर्षभरात गर्दी दुसरीकडं सरकली, आणि तोवर जुन्यांची सवय मोडली होती. आता तिथं कॉफी मिळते. "माझ्याकडंही माणसं येतात जागा मागायला," तो म्हणाला. "चांगले पैसे देतात. मुलगा कॅनडात, तो म्हणतो दे. देईन एक दिवस. पण किल्ल्या कुठं ठेवतील लोक?"

तेवढ्यात तीन मुलं आत आली, विशीतली, पाठीवर सॅक, एकाच्या हातात कॅमेरा. पुण्याची असावीत. दोघं बाकावर बसली आणि तिसरा त्या रिकाम्या स्टुलाकडं वळला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पात्रांव काही बोलला नाही. मीच उठलो, म्हणालो, "भाऊ, माझ्या जागेवर बसा. ते एका आजोबांचं आहे, आता येतीलच." पोरगा चांगला होता. त्यानं 'सॉरी काका' म्हटलं, कॅमेरा पिशवीत टाकला आणि बाकावर बसला. पाचच मिनिटांत काठीचा आवाज आला.

वाचकहो, फोंताइन्यासला जरूर जा. घरं बघा, मळ्याच्या मारुतीचं दर्शन घ्या, सान सेबास्तियांवच्या कपेलातल्या उघड्या डोळ्यांच्या ख्रिस्तापुढं क्षणभर उभे राहा. कुणाच्या उंबऱ्यावर चढून फोटो मात्र काढू नका. आणि चालता चालता अर्ध्या दारांचं एखादं छोटं तावेर्न दिसलं, जिथं भिंतीवर किल्ल्या टांगल्या आहेत, तर पीत असा किंवा नसा, आत जाऊन बसा. फक्त दाराजवळचं स्टूल सोडा. सव्वासातला ते आजोबा येतात.